टाकीमागचं स्टूल

९ जानेवारी

“आत्ता कुटं शिकत्याय? बघत्याय ती. बघू दे की.”

अव्वा, म्हणजे माझी आई, हे म्हणाली तेव्हा मी नीलूहूनही लहान असेन. अक्कलकोटचं घर, सकाळ, अव्वा भाकरी थापतेय आणि मी काठवटीशेजारी उकिडवी बसलेली. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, जाता जाता विचारलं होतं, “काय शिकलीस गं आज?” मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात आईच बोलली. खरं तर कानडीत बोलली असणार. मला मात्र मराठीतच आठवतं.

नीलूला शाळेतून काढलं तेव्हा हेच वाक्य तिच्या बाबांना, महेशला ऐकवलं होतं. तो म्हणाला होता, “अव्वांची मुलगी शेवटी शाळेतच गेली ना?”

गेली. पण तिला वर्गात पोटात दुखत नव्हतं. नीलू तिसरीत बोलायची बंद झाली. बाईंनी नाव घेतलं की हात पोटावर. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. आता दहा वर्षांची आहे, घरीच शिकते, पोट ठीक आहे. बोलते. माझ्याशी कमी, कावळ्यांशी जास्त.

आज तिच्या कामांची नवी फाइल लावली. जुनी मावेना.

१३ जानेवारी

गड्ड्याची जत्रा. नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघाल्या, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, गर्दी. मी टेप घेऊन गेले होते. सावलीवरून काठीची उंची काढायची, असा बेत. काठी काही आपल्यासाठी थांबत नाही, हे घरी कसं सुचलं नाही कोण जाणे. मी रस्त्यात वाकून सावलीचं टोक शोधतेय, नीलू टेपचं दुसरं टोक धरून उभी, डोळे वर.

मागून एक काका म्हणाले, “ओ ताई, पोरीला दर्शन तरी घेऊ द्या की. गणित काय पळून जात न्हाय.”

लोक हसले. नीलूही हसली. मीही हसले, पण घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

परतताना पाळण्यात बसायचं म्हणाली. बसलो. वर गेल्यावर मी विचारलं, “सांग बरं, इथून सिद्धेश्वर तलाव कुठल्या दिशेला?” तिने डोळे मिटून घेतले.

२१ जानेवारी

विणकाम प्रकल्प बारगळला.

खालच्या मजल्यावरच्या पद्माक्कांच्या घरचे माग आहेत, टॉवेलचे. त्यांच्या शेडवर घेऊन गेले. काय तो आवाज. नीलू एका मागापुढे अशी उभी राहिली की हलेना. मी आधीच तक्ता करून नेला होता: कापूस कुठून येतो, उभा धागा, आडवा धागा, सोलापुरात माग कसे आले. तिच्या हातात पेन दिलं.

“आई, मी नुसतं बघू का?”

“बघता बघता लिही ना.”

लिहिलं. सगळे रकाने भरले, अक्षर सुंदर. घरी आल्यावर म्हणाली, “झालं ना विणकाम?” तक्ता मी फाइलला लावला. पुठ्ठ्याचा छोटा माग करून दिला होता, त्याला तिने हातही लावला नाही.

पद्माक्कांनी शेडमधली तुटक्या धाग्यांची पिशवी दिली होती, रंगीबेरंगी. ती कुठे ठेवली ते आठवत नाही.

२ फेब्रुवारी

आज महेशने सगळी फाइल वाचली. पॉलिटेक्निकमधल्या मुलांचे पेपर तपासतो तशी, पेन्सिल हातात घेऊन. मी पोहे करत होते आणि कान तिकडे.

मग शांतपणे म्हणाला, “सुंदर आहे. पण यात सगळीकडे तू आहेस. प्रश्न तुझे, विषय तुझे. ती फक्त उत्तरं देते. मग शाळेत वेगळं काय होतं?”

मी काहीतरी बोलले. बरंच बोलले. त्याने ऐकून घेतलं.

“एक गोष्ट दाखव मला. एकच. जी तिने स्वतः सुरू केली, स्वतः धरून ठेवली. मार्च संपेपर्यंत. दाखवलीस तर जूनचा विषय मी काढणार नाही. नाहीतर सहावीला नाव घालू. जवळची शाळा आहे, लहान आहे, मी भेटून आलोय.”

भेटून आलाय. मला न सांगता. रागवावं म्हटलं तर चूक काही बोललेला नाही.

६ फेब्रुवारी

नीलूला सरळ विचारलं. शाळा की घर?

शेंगा सोलत होती. खांदे उडवले. मग पुढची शेंग फोडत, “तिथेपण विचारतात. इथेपण विचारतात.”

“म्हणजे सारखंच?”

“शाळेत निदान मधली सुट्टी असते.”

चेष्टेत म्हणाली. मला हसूही आलं. ती चटणी कुटायला गेली आणि मी टरफलं गोळा करत बसले. वेळ लावला गोळा करायला.

पण शाळेचं नाव काढल्यावर तिचा डावा हात पोटावर गेला होता. तो मी पाहिला.

१८ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल सापडत नाही. डगमगणारं होतं, पण वरच्या फळीवरचे डबे काढायला तेच. म. म्हणाला, भंगारवाल्याला दिलं असशील. नीलूला विचारलं. “कुठलं स्टूल?” एवढंच म्हणाली, जास्तच निरागसपणे.

हल्ली सकाळी उठून ती गच्चीवर असते. कावळ्यांना भाकरी घालायला जाते म्हणते. मी ‘पक्षी-निरीक्षण’ असं फाइलमध्ये एक पान घातलंय. अजून कोरं आहे.

२६ फेब्रुवारी

आज पाणी आलं. पाण्याच्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही. मोटर लावली, पिंप, बादल्या, सगळं भरून घेतलं आणि टाकी किती भरली ते बघायला वर धावले. नीलू खाली बादल्या लावत होती.

टाकीच्या मागे, भिंत आणि टाकीच्या मधल्या जागेत, आमचं स्टूल. पालथं, पाय वर करून.

चारी पायांना धागे ताणलेले. एका बाजूला विणत आणलेलं कापड, जवळजवळ हातभर. जांभळा, पिवळा, मध्येच टॉवेलचा पांढरा. पद्माक्कांच्या पिशवीतलेच धागे. आडवा धागा ओवायला आईस्क्रीमची काडी, टोकाला भोक पाडलेली.

कापड सुरुवातीला रुंद. मग दोन्ही कडा आत येत येत मधे पार कंबर झालेली, आडवा धागा फार ओढला की येतात तशा. आणि मग तिथून पुढे हळूहळू कडा पुन्हा बाहेर येतात, आणि शेवटचा भाग सरळ. कुणी न सांगता हिला कळलं, कुठे चुकतंय. चुकलेलं उसवलेलं नाही. तसंच ठेवून पुढे गेलीय.

टाकी भरून पाणी पायांवरून वाहत होतं. म. चं वाक्य आठवलं: एकच गोष्ट. हीच ती.

मोबाइलवर फोटो काढला. मग मोटर बंद करायला खाली आले.

२७ फेब्रुवारी

फोटो म. ला पाठवायच्या आधी पद्माक्कांकडे गेले. म्हटलं, तुम्ही शिकवलंत का तिला? शिकवलं असेल तर ते ‘स्वतः’ कसं धरायचं?

त्या कपडे वाळत घालत होत्या. “मी? मला टायम कुटं हाय बाई शिकवायला. येती, धागे मागती, जाती. एकदा म्हनली, गाठ दाखवा. दाखवली. बास.”

“मला का नाही सांगितलं तुम्ही?”

हातातला टॉवेल तसाच धरून त्या थांबल्या. सांगू की नको, असं झालं असावं.

“तीच म्हनली ना. आईला सांगू नका, ती त्याचा भूगोल करती.” मग लगेच, “पोरगी लई गुनाची हाय हं तुमची. हसण्यावारी म्हनली.”

मी म्हटलं, हो, हसण्यावारीच.

जिना चढून आले. नीलू दारात. “कुठे गेली होतीस?”

“सहज.”

फोटो कुणाला पाठवला नाही. पुसलाही नाही.

२ मार्च

सगळं आठवून पाहतेय. जत्रेतली टेप. पाळणा. “मी नुसतं बघू का?” आणि माझं उत्तर. अव्वाचं वाक्य मी सगळ्यांना ऐकवत आले, ओळखीच्या आयांना, महेशला, त्याच्या बहिणीला. आणि माझ्या घरात अण्णांची जागा मीच घेतली. अण्णा निदान जाता जाता विचारायचे.

पण ‘आता सुधारते’ असं लिहायचीही भीती वाटते. त्याचाही मी प्रकल्प करीन.

५ मार्च

बाजारातून नवं स्टूल आणलं. जुनं कुठे गेलं, यावर चकार शब्द काढला नाही. ओट्याजवळ ठेवलं.

नीलूने स्टुलाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत राहिले.

जेवताना म्हणाली, “हे डगमगत नाही.”

“हं.”

म. म्हणाला, “जुनंच बरं होतं, सवयीचं.” नीलू ताटात बघून हसली. मला वाटतं, तिला कळलंय की मला कळलंय. किंवा मलाच तसं हवंय.

११ मार्च

ऊन आत्ताच असह्य. सकाळीच कडक भाकऱ्या करायला घेतल्या. पातळ थापायच्या, भाजून तव्याच्या कडेला उभ्या करून वाळवायच्या. नीलू येऊन शेजारी बसली, उकिडवी. मी काही विचारलं नाही. पीठ गरम पाण्यातच का मळायचं, हा प्रश्न जिभेच्या टोकावर आला आणि तिथेच थांबवला. अवघड आहे. हात थापताहेत आणि तोंड मिटलेलं, असं मी शेवटचं कधी केलं?

एकीकडून भाकर फाटली. तिने बोट ओलं करून जोडली.

मग आपणहून, पिठाकडे बघत, “जास्त ओढलं ना, की ते आत येतं.”

“काय आत येतं?”

सुटलंच तोंडून.

“काही नाही,” म्हणाली. उठून हात धुतले. थोड्या वेळाने जिन्यावर तिची पावलं वाजली, वर जाणारी.

१९ मार्च

म. आज चहाच्या वेळी नीट बोलला. “मला तिला पाठवायची हौस नाही गं. मला वाटतं, उद्या आपण दोघं नसलो की ही कुणाशी बोलेल? कावळ्यांशी?”

म्हटलं, तिथे गेली आणि पुन्हा गप्प झाली तर?

“म्हणून तर म्हणतोय, दाखव काहीतरी. मला हरायचंय यात.”

मला हरायचंय. असं म्हणणाऱ्या माणसासमोर मोबाइल हातात धरून बसले होते. फोटो दोन बोटांच्या अंतरावर. दाखवला असता तर तो वर धावला असता, नीलूला उचलून घेतलं असतं, घरभर फिरला असता. रात्री आत्याला फोन. आत्या म्हणाली असती, मला एक विणून दे गं. आणि टाकीमागे पुन्हा नुसती टाकी.

आणि नाही दाखवला तर जूनमध्ये दप्तर.

मोबाइल उलटा ठेवला. म्हटलं, अजून वेळ आहे.

२४ मार्च

वर गेले, ती आंघोळीला होती तेव्हा. चोरासारखी. कापड वाढलंय. टाकीची सावली आता पुरत नाही, म्हणून तिने माझा जुना दुपट्टा वरून बांधलाय. मी शोधत होते तो.

फोटो पुसला. विचार करून नाही. उभ्या उभ्या पुसला आणि मग पायऱ्यांवर बसले. एवढा एकच पुरावा होता. पण तो मला तिने दिलेला नव्हता.

रविवार, २९ मार्च

उद्या म. शाळेत जाऊन नाव घालून येणार. काल रात्री एकदाच विचारलं त्याने, “काही?” मी म्हटलं, “उद्या सांगते.” त्याने मान डोलावली. फाइल कपाटात गेली आहे, तीही त्याला दिसली असेल.

सकाळपासून घर शांत. म. पेपर वाचतोय. नीलू वर. माझं मुद्रितशोधनाचं काम काढलं, एक ओळ चार वेळा वाचली.

कापड दाखवायचं की नाही, हे तिच्याशिवाय कुणी ठरवू शकत नाही, आणि तिला विचारायचं म्हणजे पुन्हा मीच विचारायचं. किती विचारलंय मी तिला. उत्तर मला माहीत असलेले प्रश्न नुसते. हा पहिलाच असा, ज्याचं उत्तर माझ्या हातात नाही. ‘नाही’ म्हणेल. मी तिच्या जागी असते तर नाहीच म्हटलं असतं. म्हणाली तर तो शब्द तसाच खाली आणायचा, बाबांना तिच्या वतीने काही पटवायचं नाही, आणि सोमवार व्हायचा तसा होऊ द्यायचा. एवढं जमायला हवं.

चपला घातलेल्या नाहीत, गच्ची तापली असेल. असू दे. वर जाते, टाकीपासून जरा लांब बसते. तिने मान वर केली की मगच बोलायचं, आणि एकदाच:

नीलू, हे तुझं आहे. बाबांना दाखवशील? तू दाखव, मी खाली थांबते.