वृक्षबाबा तीन वेळा हसले

तीर्थरूप ताईस,

धाकट्या आ-बोकचा दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला जरा जास्तच वाकून, नमस्कार. कीलुंगला पाऊस कसा आहे, गुडघा कसा आहे आणि मुख्य म्हणजे झोप कशी आहे? (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं दे. पहिल्या दोन्हींची मला ठाऊक आहेत: पाऊस पडतोय आणि गुडघा दुखतोय.) घरात फोन असताना मी पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू फक्त "हं, काय केलंस?" एवढंच विचारतेस आणि मी शाळेतल्यासारखा सगळं शेवटाकडून सांगत सुटतो. या वेळी मला सुरुवातीपासून सांगायचं आहे. पत्र बसून वाच. चहा आधीच करून घे.

तुफान येऊन गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं, घरच्या देवाला उदबत्ती लावली आणि देवळात जाऊन चोरी केली.

त्याचं असं झालं. देवळामागचे आपले वृक्षबाबा उभे आहेत, काळजी नको. पण त्यांची रस्त्याकडची एक फांदी वादळात खाली आली. करवतवाले सकाळीच येऊन ती कापून गेले होते आणि खाली ढलप्यांचा हा एवढा ढीग पडला होता. कापराच्या झाडाची ताजी ढलपी, ताई! सगळ्या आवाराला असा वास येत होता की माझं डोकं, जे वादळात रात्रभर जागून दगड झालं होतं, ते आपोआप हलकं झालं. आणि मला तुझी आठवण झाली. भाऊजी गेल्याला सात महिने झाले आणि सात महिन्यांत तू सलग दोन तासांवर झोपलेली नाहीस. "घोरणं नाही तर खोली केवढी मोठी वाटते रे," असं तू म्हणालीस, ते माझ्या मनातून जात नव्हतं. वाटलं, या ढलप्यांची उशी केली तर?

आता, वृक्षबाबांचं लाकूड कुणी घरी नेत नाही, चुलीत घालत नाही, त्यांचं पानसुद्धा पायाने सारत नाही, हे मला तुझ्याकडूनच कळलेलं आहे. त्या ढलप्या दुपारी मुळाशी पुरायच्या होत्या. ज्याने खुराड्यासाठी फांदी तोडली त्याचं तोंड वाकडं झालं, ही गोष्टही तूच सांगायचीस (तोंड वाकडं करून). पण मी म्हटलं, मी काय परका आहे? मी तीन वर्षांचा असताना रात्रभर रडायचो, झोपायचो नाही, म्हणून आईने मला वृक्षबाबांच्या ओटीत घातलं. तूच मला पाठुंगळी घेऊन गेली होतीस. गळ्यात लाल दोरा आणि भोकाचं नाणं बांधलं आणि मी त्यांचा मुलगा झालो. मुलाने बापाच्या अंगणातून चार ढलप्या उचलल्या तर ती काय चोरी?

तरीही मी विचारलं. देवळातून कौलाच्या लाकडांची जोडी आणली, नीट नाव-गाव सांगितलं, कारण सांगितलं आणि कौल टाकला. एक पालथं एक उताणं पडलं तर होकार, दोन्ही पालथी पडली तर नकार. माझी दोन्ही उताणी पडली. म्हणजे देव हसले. पुन्हा टाकला, पुन्हा हसले. तिसऱ्यांदा टाकला, तिसऱ्यांदाही हसले. मी पाहिलं, आजूबाजूला कुणी नव्हतं. मनात म्हटलं, बाप मुलाकडे बघून इतक्यांदा हसतो तेव्हा त्याला काय नाही म्हणायचं असतं? आणि पिशवी भरली.

पुढचे बारा दिवस घरात जे झालं ते तुझी भावजय सिऊ-हा तुला सांगेलच, म्हणून मी आधी सांगतो. पहिल्या उशीत मी ढलप्यांबरोबर पपनसाच्या साली घातल्या, त्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी तिला बुरशी आली. (मी अळिंबी पिकवून पोट भरतो. शेडमध्ये महिनामहिना आर्जवं करूनही जी उगवत नाही, ती उशीत न बोलावता आली.) दुसऱ्या उशीत नुसत्या ढलप्या भरल्या आणि वर चहाच्या बियांच्या तेलात कापूर विरघळवून कपाळाला लावायचं मलमही केलं. ते आधी स्वतःला लावून पाहिलं. कपाळ गार झालं, पण डोळ्यांतून असं पाणी यायला लागलं की ते मिटेनात. मग दुपारी सिऊ-हाला त्या उशीवर झोपवलं. ती पाच मिनिटांत उठून बसली. "मी काय हिवाळ्याची रजई आहे का, मला कसर लागेल म्हणून काळजी? कपड्यांच्या पेटीत कोंडल्यासारखं वाटतंय!" घरातले डास मात्र त्या दिवसापासून गेले ते अजून आलेले नाहीत.

तिसरी उशी जमली. मूठभरच ढलप्या, त्याही सावलीत वाळवून. बाकी वाळवलेला नागदवणा आणि खडखडीत झालेल्या पपनसाच्या साली. अभ्रा मात्र मी दुकानातून आणला नव्हता, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. भाऊजींचा तो निळ्या चौकटींचा सदरा, जो तू मला वापरायला दिलास आणि ज्यात माझ्यासारखे दोन मावतात, त्याची पुढची बाजू आहे ती. सिऊ-हाने शिवली. खिसा तसाच ठेव, असं मीच म्हटलं.

उशी तुला टपालाने पाठवली आणि मग तुझा फोन आला. तू सकाळी नऊपर्यंत झोपलीस! शेजारीण दार बडवायला लागली, तिला वाटलं तुझं काही बरंवाईट झालं! तू हसत होतीस, ताई. सात महिन्यांनी हसत होतीस. मी फोन ठेवला आणि चार केळी घेऊन वृक्षबाबांचे आभार मानायला धावलो. तिथेच माझी झोप संपली.

देवळाची देखरेख करणारे ल्याउ काका नेहमीप्रमाणे दुपारचे वेताच्या खुर्चीत, पाठीला त्यांची ती तेलकट चपटी उशी लावून झोपले होते. (त्या माणसाची झोप बघितली की मला नेहमी हेवा वाटतो.) त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, केळी कशाबद्दल? आणि मी, तुला माहीतच आहे, सगळं सांगून टाकलं.

"हसले म्हणजे होकार नव्हे रे," काका म्हणाले. "हसले म्हणजे, काय बडबडतोयस, नीट विचार."

"पण काका, मी त्यांचा मुलगा..."

"सोळाव्या वर्षी दोरा काढला होतास ना? समारंभाने? शेवया वाटल्या होत्यास. मी खाल्ल्यात. मग आता तू कोण लागतोस त्यांचा?"

मी उभ्या जागी गार झालो. ताई, बरोबरच होतं. दोरा काढला की मूल सुटतं. तेहतीस वर्षं मी वृक्षबाबांचा कोणीही नव्हतो, गावातला एक इसम होतो, आणि इसमाने नेलेल्या ढलप्या म्हणजे चोरी.

"त्या उशीवर झोपतं कोण?" काकांनी विचारलं.

"ताई."

"किती वाजेपर्यंत?"

"नऊ."

"हं," काका म्हणाले आणि पुन्हा झोपले.

त्या "हं"ने मला खाल्लं. इतकी गाढ झोप साधी असते का? चोरी मी केली आणि डोकं त्यावर तू टेकवतेस. रागावलेल्या देवाने सोपं टोक धरलं तर? त्यानंतर पाच दिवस मी तुला रोज सकाळी सात वाजता फोन केले: मासळीचा भाव, भाऊजींची छत्री, समुद्राचा रंग. ते सगळं खोटं होतं. तू उठतेस की नाही, एवढंच मला ऐकायचं होतं. (ज्या झोपेसाठी एवढं केलं, ती मीच मोडत होतो, हे सिऊ-हाने दाखवून दिलं तेव्हा कुठे मी फोन करणं थांबवलं. तेव्हापासून सात ते नऊ हे दोन तास मी कसे काढतो ते विचारू नकोस.)

शिवाय चिन्हं दिसू लागली. शेडमधली सगळी अळिंबी एकाच बाजूला वाकली. अगदी वाकड्या तोंडासारखी! मी सिऊ-हाला ओढत नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "पंखा कुठल्या बाजूला आहे ते बघ." पंखा होता त्याच बाजूला, पण पंखा तर चार वर्षं तिथेच आहे. रोज स्कूटरवर बसलो की मी आधी आरशात तोंड तपासतो. एकदा ते डावीकडे गेलंय असं वाटून मी भर रस्त्यात थांबलो. आरसाच वाकडा होता. शेवटी सिऊ-हा वैतागून म्हणाली, "मूल नाही म्हणून चोर झालास ना? मग जा, पुन्हा मूल होऊन ये. तसाही वागतोस तसाच."

तिने ते रागाने म्हटलं होतं. मला मात्र त्यात वाट दिसली.

मुलं ओटीत घालायचा दिवस परवाच होता. कडेवर तान्ही मुलं घेतलेल्या नऊ बायकांच्या रांगेत मी दहावा उभा राहिलो. माझ्या मागे सिऊ-हा, तोंडासमोर पंखा धरून. टेबलाशी बसलेल्या बाईंनी वहीतून वर न बघता विचारलं, "मुलाचं नाव?" मी सांगितलं. "वय?"

"एकोणपन्नास."

"महिने?"

"नाही. वर्षं."

बाईंनी चष्मा काढला. "त्रास काय आहे?"

मी काही बोलायच्या आत सिऊ-हा म्हणाली, "रात्री झोपत नाही. बारीकसारीक गोष्टींना घाबरतो. आणि हट्टी आहे." बाईंनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. रांगेतल्या एका आजींनी माझ्या पाठीवर हात फिरवून "होईल हो बरा" असंही सांगितलं.

मग कौल. मी लाकडं कपाळाला लावली आणि टाकली. मला परत मुलगा म्हणून घ्याल का? होकार. खरंच? होकार. सगळं माहीत असूनही? होकार. तीन वेळा लागोपाठ, ताई. मी तिथेच खाली बसलो. दोरा बांधायला घेतला तर तो तान्ह्यांच्या मापाचा, माझ्या गळ्याला पुरेना. मग सिऊ-हाने अळिंबीच्या पोत्याची सुतळी सोडून त्याला जोडली आणि मागे गाठ मारली. गाठ मारताना ती हसत नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो.

तर असं आहे. काळजीचं कारण नाही. गुडघ्याला शेक दे. तुझा आशीर्वाद असू दे.

तुझा,
आ-बोक

ता. क. मुलाला घेऊन येणारं घरातलं वडील माणूस कोण, या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं आहे. पहिल्या वेळी तूच आणलं होतंस. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला वृक्षबाबांचा वाढदिवस; त्या दिवशी त्या माणसाला मुलाशेजारी उभं राहावं लागतं. पाठुंगळी घ्यावं लागत नाही, मी विचारून ठेवलं आहे. आठ दिवस आधी ये आणि नंतर लगेच जाऊ नकोस. सिऊ-हाने तुझी गादी उन्हात टाकली आहे. हे सगळं मी ज्या एका गोष्टीसाठी लिहिलं ती ही.

ता. क. (दुसरा) काल दोऱ्याचे पेढे म्हणून ल्याउ काकांना गोड पाव द्यायला गेलो. ते झोपले होते. पाव खुर्चीशी ठेवायला वाकलो आणि त्यांच्या पाठीच्या त्या उशीचा वास आला. ताई, मी तो वास बारा दिवस घरात हुंगला आहे. माझी चूक होणं शक्य नाही. काकांनी एक डोळा उघडला. ते म्हणाले, "तीस वर्षांपूर्वीचं तुफान. मला पाच वेळा हसले होते." आणि झोपले.

ता. क. (तिसरा) एकच प्रश्न उरला होता: उशी परत आणावी लागेल का? मुलगा झालो हे खरं, पण ढलप्या त्याआधी नेल्या होत्या. तो विचारायचा की नाही यावर मी दोन दिवस घालवले. आज सकाळी हे पत्र खिशात घेऊन देवळात गेलो, लाकडं हातात घेतली, उदबत्ती लावली. नऊ वाजायला पाच मिनिटं होती. तू झोपलेली असशील, गाल त्या खिशावर ठेवून. मी लाकडं पुसली, जागेवर ठेवली आणि वृक्षबाबांना नमस्कार करून तसाच टपालपेटीकडे आलो. विचारलं नाही.