तेलाच्या पिंपातलं झाड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं त्यात लिहिलंय. स्वभावाबद्दल त्यांनी मौन पाळलंय. बाकी सगळ्याचा निर्णय पाच मिनिटांत झाला. अडलं ते अंगणातल्या नाताळच्या झाडापाशी.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. माझे कपडे तिने फेकू नयेत, पायपुसणी करावीत.

२. शिवणयंत्र आणि दोन्ही कात्र्या इस्त्रीवाल्याच्या सुनेला. तिच्या हातात सफाई आहे. मोठ्या कात्रीने कागद कापला तर मात्र माझ्या आत्म्याला शांती मिळणार नाही.

३. आता धाकटी बहीण. बावीस वर्षांपूर्वी मी वीतभर रोप तेलाच्या रिकाम्या पिंपात लावलं. दर नाताळला ते घरात आणायचं, सण संपला की परत अंगणात. सजावट म्हणजे दोऱ्याची रिकामी रिळं, जोड हरवलेली बटणं आणि शेंड्यावर अस्तराच्या चिंध्यांची चांदणी. भेटवस्तू कापडात बांधून द्यायची आणि कापड परत मागून घ्यायचं. लोक हसायचे. धाकटी सगळ्यांत जास्त. "ताई, तुझ्याकडे नाताळसुद्धा उसवून पुन्हा शिवलेला असतो!" तिच्याकडे तेव्हा प्लॅस्टिकचं झाड आणि थर्माकोलचा बर्फ.

चार वर्षांपूर्वी चर्चने पर्यावरणपूरक नाताळाची स्पर्धा ठेवली. धाकटीने प्लॅस्टिकचं झाड माळ्यावर टाकलं, कुंडीत रोप आणलं आणि माझ्याकडून पिशवीभर रिळं "सहज" म्हणून नेली. पहिलं बक्षीस! पेपरात फोटो! मी केला तो चिकटपणा, तिने केलं ते पर्यावरण. मला कोणी नाव द्यायला सांगितलं नव्हतं असं नाही. घरच्या गोष्टींची स्पर्धा कसली, असं मीच म्हणाले होते. पण तिचा फोटो पाहून माझा नुसता जळफळाट झाला. मत्सर हा शब्द वकीलबाईंनी सुचवला. असेल. मला तर पोटात दुखल्यासारखं व्हायचं.

४. कबुली. बक्षिसानंतर ती आठवडाभर परगावी गेली. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. तीन दिवस मी तिच्या कुंडीत मिठाचं पाणी ओतलं. काही दिवसांत रोप वाळलं. ती ढसाढसा रडली. "मलाच सांभाळता आलं नाही गं, ताई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पुढच्या वर्षी तिने तेच वाळकं झाड रिळं लावून उभं केलं, तर त्यालाही पहिलं बक्षीस! आता काय कपाळ फोडून घेऊ? पण त्यानंतर तिने घरात एकही रोप लावलं नाही. आपल्या हाताला यश नाही, असं ती अजून सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. मीठ माझं होतं.

५. मुलीच्या घरात ऊन येत नाही. दुसरं कोणी झाड नेलं तर नाताळ झाल्यावर तोडून टाकेल. म्हणून पिंपासकट ते धाकटीला. मनापासून देते असं मला लिहवत नाही, पण देते. स्पर्धेत ठेवू नये. ठेवलंच तर नाव माझं घालावं.

साक्षीदार म्हणून मी धाकटीलाच बोलावलं होतं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे आधी विचारून घेतलं होतं. पण वकीलबाईंनी पाचवं कलम पाहिलं आणि मान हलवली. ज्याला काही मिळतं, त्याने साक्ष द्यायची नसते. मला बाहेर जाऊन सांगावं लागलं, "तुझी सही नको."

"म्हणजे मला काहीतरी ठेवलंयस?" तिचा चेहरा असा उजळला! काय ठेवलंय तेही विचारलं नाही. गळ्यातच पडली.

आत येऊन मी चौथं कलम खोडायला पेन उचललं. वकीलबाई म्हणाल्या, "खोडलंत तर शेजारी सही करावी लागेल." मग कलम आहे तसं ठेवलं. आता खाली सही करते, आणि धाकटीला वाचायला आत बोलावते.

स्थळ: राहतं घर, शिवणाची खोली
दिनांक: १९ डिसेंबर
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही)
२. मशीन दुरुस्तीवाले (सही)