नुसते ओठ हलवा

२ फेब्रुवारी, रविवार
"देवाला सूर नको गं, मन हवं," असं संडे स्कूलच्या बाई मला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा आठ वर्षांची. बाकीच्या मुली हसल्या. जळत होत्या. त्या एका वाक्याच्या जोरावर मी आजवर गात आले.
आज चर्चमध्ये उपासना संपल्यावर डॉक्टरांनी बाजूला घेतलं. दातांचे डॉक्टर, पण आमचं गायनमंडळ तेच चालवतात. दात काढण्याआधी बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, पुढच्या रविवारी नुसते ओठ हलवाल का?
माझ्या आवाजापुढे बाकीचे झाकोळतात, हे उघड आहे. बिचाऱ्यांना चान्स द्यायला हवा. खचायचं नाही. विश्वास असला की निराशा जवळ येत नाही. उद्यापासून पहाटे पाचला प्रार्थना, मग रियाज.

४ फेब्रुवारी, मंगळवार
काल गजर वाजला नाही. आज वाजला, मी बंद केला. प्रार्थना दूध तापेपर्यंत केली. दूध उतू गेलं.
रियाज ओट्यापाशी. वरच्या मजल्यावरचे काठी आपटून ठेका धरत होते. लय कच्ची आहे. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसल्या. मी गायला लागले की त्यांना जगाचा गोंगाट नकोसा होतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
निराशा घालवण्यासाठी उपास. (मला निराशा नाही. पुढेमागे आली तर.) साडेदहापर्यंत कडक. चहा चालतो. चहाबरोबरचं बिस्किट चहातच धरायचं.
ह्यांनी विचारलं, काल बाथरूममध्ये रडत होतीस का? म्हटलं, कांदा चिरत होते. बाथरूममध्ये? म्हणाले. हे फार खोलात जातात.

९ फेब्रुवारी, रविवार
ओठ हलवले. दोन कडवी उत्तम. तिसऱ्यात एकदम भरून आलं आणि आवाज सुटला. नेमके तेव्हाच बाकीचे सगळे गप्प. तिथे थांबायचंच होतं म्हणे.
डॉक्टरांनी डोळे मिटले. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. नंतर म्हणाले, काही महिने विश्रांती घ्या. आमच्या चर्चच्या पाळकीणबाई म्हणाल्या, प्रत्येकाचं दान वेगळं असतं, खुर्च्या लावणं हीसुद्धा सेवाच. म्हटलं, प्रार्थना करून कळवते.
घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

१२ फेब्रुवारी, बुधवार. पहाटे ५
गजर न लावता जाग आली.
रियाज बंद आहे. काल बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली तर गाण्याबद्दलच निघालं. मिटली.
आत्ता अंथरुणात बसून प्रभूला सांगितलं, मला फार लागलंय. एवढंच. एरवी मी त्यालाही "मजेत" म्हणते. उत्तर काही आलं नाही. पण छातीवरचं ओझं जरा सरकलं. झोप येतेय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
जेवताना सासूबाईंनी विचारलं, गाणं का बंद? मी म्हटलं, आई, तेव्हा तुमच्या कानात यंत्र कुठे असतं? त्या म्हणाल्या, तोंड दिसतं की. पाय गेल्यापासून माझं चर्च सुटलं. तू ओट्यापाशी तोंड वर करून उभी राहिलीस की माझी उपासना होते. रविवारपासून घर कसं सुनं सुनं झालंय.
मी त्यांना भात वाढला. मग विचारलंच, यंत्र काढता कशाला?
त्या म्हणाल्या, ऐकलं की देव उठून जातो बाई.
भांडी घासताना संडे स्कूलच्या बाईंचं वाक्य पुन्हा आठवलं. ते कौतुक नसावं. पण खोटंही नसावं. घासता घासता चार कडवी म्हटली. वरून ठेका आला. सासूबाईंनी यंत्र वाटीत ठेवलं आणि बघत बसल्या.
पाळकीणबाईंना कळवलं, खुर्च्या लावायला येते. लावताना गुणगुणू नका, असं अजून कोणी म्हणालेलं नाही.
उद्या सासूबाईंना विचारणार आहे. नाहीच म्हणतील, तरी: आई, एकच कडवं, यंत्र कानात ठेवून ऐकाल?