कुंडीतलं अर्थिंग

४ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

टेकडीवरच्या घरात सोलर सुरू झालं. मिस्त्री लागला नाही, सगळं मीच केलं. पंखा फिरतो, आणि फ्रिज आल्याने आईची इन्सुलिनची इंजेक्शनं गार राहतात. तू बजावलं होतंस तसं अर्थिंगही केलं. अंगणात वीतभर मातीखाली कातळ लागला, म्हणून तांब्याचा रॉड गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत ठोकला. माती उत्तम आहे, रोज पाणी घालतो.

फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, पण माझ्या सांधेदुखीला त्या मानवल्यात. आईला मात्र काही कळवू नकोस. तिला शंका फार.

तुझे बाबा

९ मार्च

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आमच्या विजेच्या सामानाच्या दुकानातल्या वायरमनांनी वाचलं. सगळे हसले, मला हसू आलं नाही. मुंग्या येतात म्हणजे फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरलाय. त्याला जमिनीत जायला वाट हवी. प्लास्टिकच्या कुंडीतून तो जाणार कुठे? ओल्या हाताने कुणी दार उघडलं, तर त्या माणसातून जाईल. आणि त्या घरात दिवसभर ओले हात कुणाचे असतात, हे मी सांगायला नको.

मेन स्विच पाडा. रविवारी येते. न्हाणीचं पाणी मुरतं तिथे माती खोल आहे, तिथे रॉड ठोकू. करंट गळला की आपोआप पडणारा स्विचही आणते. बाबा, मला भीती वाटते. रागवा, पण ऐका.

तुमची ठकी

१३ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी उशीखाली दडवलं, म्हणून मला सापडलं. मुंग्यांचं मला ठाऊकच नव्हतं, कारण मला कधी आल्याच नाहीत. फ्रिज आल्यापासून हे माझ्याआधी उठून इंजेक्शन काढून ठेवतात. फ्रिजमधलं काहीही लागलं तरी तू बस, मी देतो म्हणतात. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने पाण्याचा पेला उचलला नव्हता. मला वाटलं, म्हातारपणी सुधारले. काल तुझं पत्र वाचलं आणि ओट्याला टेकून रडले.

स्विच मी पाडलाय. इंजेक्शनं मडक्याला लावून ओल्या फडक्यात ठेवलीत. हे म्हणत होते, त्याने भागणार नाही, थोडा वेळ चालू करतो, दार मीच उघडेन. मी सांगितलं, खुशाल उघडा, मी तुमचा दुसरा हात धरून उभी राहते. तेव्हापासून स्विचकडे फिरकलेले नाहीत.

माया आहेच. येताना घाई करू नकोस, पण उशीरही नको.

तुझी आई