नाना विमानातून उतरले तो दिवस

पुणे,
१८ फेब्रुवारी

ती. जीवराम नानांस,
मोनालीचा नमस्कार.

घरात सुतक आहे, म्हणून वर 'श्री' घातलेलं नाही. कुंदाकाकूंचा गुडघा कसा आहे? केळीची कापणी उरकली का? तुमच्या ताईबाई अक्का गेल्या त्या दिवशी तुमची गाडी रस्त्याने पुण्यात पोहोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. स्मशानाच्या फाटकात तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि परत गाडीत जाऊन बसलात. म्हणून लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं, त्याच दुपारी बापू शेतात कोसळले. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. तुम्ही म्हणालात, पोरगी वर गेली अन् बाप गेला. घरात म्हणालात ते मी सोसलं असतं. पण मी शिकत होते तिथे जाऊन मुख्य साहेबांनाही तेच सांगितलंत. ते रोज पहिल्या उड्डाणाला चाकाखाली लिंबू ठेवणारे. त्यांना तेवढं पुरलं. मी उतरले की त्या विमानात बसायला मुलं तयार होईनात. शेवटी मला काढलं. देवपुरात, दुसऱ्या उड्डाणशाळेजवळ खोली घेऊन मी पुन्हा पहिल्यापासून शिकले.

आमच्या धंद्यात वहमी माणसं पुष्कळ. माझा सहवैमानिक चढण्याआधी विमानाच्या नाकाला तीनदा हात लावतो. काही विमानांत बाराव्या रांगेनंतर एकदम चौदावी असते. त्याने कुणाचं काही जात नाही. तुमच्या वहमाला मात्र माणूस लागलं.

अक्कांचं शेवटचं आहे असं कळल्यावर तुमचं जळगाव-पुणे तिकीट मीच काढलं. विमान मी नेणार, हे तुमच्या हितेंद्रला तुम्हाला सांगू दिलं नाही. दार लागण्याआधी माझी घोषणा झाली आणि तुम्ही उठलात. मी बाहेर आले. तुम्ही म्हणालात, "मले उतरू दे."

मी म्हटलं, "उतरा नाना. पण का, ते या सगळ्यांसमोर सांगा."

तुम्ही खाली मान घालून पिशवी उचललीत. शेजारच्या बाईने मला विचारलं, आजोबांना बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, माझी भीती वाटते त्यांना.

विमान वेळेच्या बारा मिनिटं आधी उतरलं. मी गणवेशातच दवाखान्यात गेले. अक्का शुद्धीवर होत्या. ज्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं, त्याचीच वाट पाहत होत्या. "माय, जीवराम कुठी हाये?" असं तीनदा विचारलं. दोनदा मी येताहेत म्हटलं. तिसऱ्यांदा खरं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ते पुन्हा वळवलं नाही.

आता एक राहिलं. घोषणेत मी नेहमी नुसतं आडनाव सांगते. त्या दिवशी मराठीत सांगितलं, असोद्याची मोनाली, रुपचंद चौधरींची मुलगी. तुम्ही उठणार, हे मला ठाऊक होतं. गप्प बसले असते, तर दुपारी तुमचा हात अक्कांच्या हातात असता. अक्कांचं तेवढं मी हिरावलं, आणि ते मला रोज टोचतं. तुमचं हिरावलं, ते टोचत नाही.

अक्कांचं सुतक फिटेल त्या दिवशी, गंधमुक्तीला, मी असोद्याला येते आहे. सख्खा भाऊ का पोहोचला नाही, असं माणसं विचारतील. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन.

क्षमा मागायला बसले होते. ती काही लिहून झाली नाही.

तुमचीच पुतणी,
मोनाली