दसऱ्याच्या आत पापण्या

२ सप्टेंबर १९३४
ऑफिसात पुन्हा तोच प्रकार. फाइल वाचत होतो, पापण्या खाली आल्या, आणि बळवंतनं टेबलावर टिचक्या मारल्या. "गोविंदराव, सो गए क्या?" हा माझ्या हाताखालचा क्लार्क! झोपलो नव्हतो. माझ्या पापण्याच जड आहेत, त्या आपोआप पडतात. आत मी पूर्ण जागा असतो. आता हे काय दाना ओलीच्या बाजारापासून महाराजांच्या महालापर्यंत दवंडी पिटून सांगायचं?

निश्चय: दसऱ्याच्या आत पापण्यांचं ऑपरेशन. कुठला सरदार दरबारात कुठे बसणार, नजराण्याला आधी कोण, मागून कोण, हे सगळं आमचं बैठक खातं बघतं. दसरा झाला की तिथल्या हेड क्लार्कची जागा रिकामी होते. ती जागा माझी आहे. पण साहेब, म्हणजे संभाजीराव, जागेचा विषय निघाला की नुसते माझ्या डोळ्यांकडे बघतात. डोळे उघडले की जागा मिळाली.

५ सप्टेंबर
मुरारला डॉक्टरकडे जाणार होतो. आभाळ भरलेलं. डोळ्यांच्या कामाला ऊन हवं.

८ सप्टेंबर
ऊन फार होतं.

९ सप्टेंबर
वनमालेला सांगितलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, पापणी पडणं वेगळं आणि घोरणं वेगळं. बायकांना वैद्यकातलं काय कळणार! पापणीचा भार नाकावर येतो, त्यानं श्वासाला आवाज होतो. डॉक्टरला विचारून घ्यायचं.

१४ सप्टेंबर
गेलो एकदाचा. डॉ. दिनकरराव फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या बाकावर बसून वाट बघत होतो, तर म्हणे मला हलवून उठवावं लागलं. टांग्यात धूळ फार, म्हणून डोळे मिटले होते.

पगडी काढा म्हणाले. इथे माझी पंचाईत. माझी एक खास युक्ती आहे. पगडीखाली कपाळावर फडक्याची पट्टी करकचून बांधायची. कातडी वर ओढली जाते, पापण्या उचलतात. दरबारात आजवर असाच निभावलो. पट्टी सुटली आणि दोन्ही पापण्या दुकानाच्या फळ्यांसारख्या खाली आल्या. डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणाले, कातडी जास्तीची आहे, ती कापून टाकू. पुढे काय काय होईल तेही सांगितलं. सुई टोचेल. त्यानंतर दुखणार नाही, पण जागं राहावं लागेल. दोन दिवस डोळे बांधलेले. मग सूज, काळे-निळे डाग, पाणी, चुरचुर. डोक्याखाली उंच उशी. वाचायचं नाही, वाकायचं नाही. एक पापणी दुसरीपेक्षा थोडी वर राहू शकते. आणि दोन महिने ती पट्टी बिलकुल बांधायची नाही. कातडी कमी झालेली, वरून पट्टी ओढली तर डोळे मिटणारच नाहीत.

निघताना म्हणाले, "पापण्या मी वर करून देईन. झोपेचं मात्र माझ्याकडे काही नाही."
विचित्र माणूस. झोपेचं मी विचारलंच कुठे होतं?

१८ सप्टेंबर
उद्या ऑपरेशन. पोट बिघडलंय. पुढे ढकलावं का? पण पितृपक्ष लागला की वनमाला घराबाहेर पडू देणार नाही, आणि मग दसरा उंबरठ्यावर. डोळ्याला चाकू! हात एवढासा सरकला तर? आंधळ्याला कुठलं खातं ठेवून घेणार? वनमालेनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

ही भीती नव्हे. दूरदृष्टी म्हणतात हिला.

२२ सप्टेंबर
काल डोळे सोडले. जेमतेम दिसतंय, पण लिहायला हवं. मी अजिबात ओरडलो नाही. ओरडला तो शेजारच्या खोलीतला पेशंट. शेजारी खोलीच नाही, असं वनमाला म्हणते.

अंधारातले ते दोन दिवस मात्र वाईट गेले. वनमाला फार घाबरली होती, म्हणून मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. कणीक तिंबायचीय म्हणून ती सोडवू बघत होती, पण मी तिला एकटं पडू दिलं नाही.

२४ सप्टेंबर
आरसा बघितला. बघायला नको होता. तालमीत मार खाऊन आलेल्याचं तोंड. वनमालेची बहीण मंदाताई आली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीला आत नेलं आणि विचारलं, इतकं काय गं केलं यांनी?

३० सप्टेंबर
टाके कधीच निघाले, सूज उतरतेय. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित वर. त्यानं चेहऱ्याला रुबाब येतो. दिवसभर विश्रांती घेतो. डॉक्टरांचाच हुकूम. डॉक्टरांनी इतकी सांगितली नव्हती, असं वनमालेचं मत.

८ ऑक्टोबर
ऑफिसात पहिला दिवस. सगळे बघत राहिले. साहेबांनी जवळ बोलावून निरखलं आणि म्हणाले, छान झालं, आता दरबारात नावं पुकारायचं काम तुमच्याकडे. तेही सगळ्यांदेखत! बळवंतनं फाइलीत तोंड खुपसलं. जागा मिळाल्यात जमा. येताना पेढे घेतले. वनमालेनं ते देवापुढे ठेवले आणि म्हणाली, दसरा होऊ द्या आधी.

१६ ऑक्टोबर
उद्या दरबार. दुपारी ऑफिसात नव्या कातडीला जरा आराम म्हणून डोळे मिटले. उघडले तो समोर बळवंत. गालात हसला.

सबंध संध्याकाळ जिवाला घोर. पूर्वी डोळे मिटले तर लोक म्हणायचे, पापण्या पडल्या. आता मिटले तर काय म्हणतील? उद्या एवढ्या सरदारांसमोर, अत्तराच्या वासात, तासन्‌तास उभं राहायचं.

विचार करून ठरवलं: पट्टी बांधायची. दोन महिने नको म्हणाले डॉक्टर, पण डॉक्टर दरबारात कधी उभे राहिलेत? पट्टीनं डोळे मिटणार नाहीत म्हणे. मग वाईट काय त्यात? तेच तर हवंय.

१७ ऑक्टोबर, दसरा
पट्टी बांधली.

मुजऱ्याला नजर खाली हवी. माझी जाईना. एका म्हाताऱ्या सरदारांनी विचारलं, हा माणूस माझ्यावर डोळे का वटारतोय? डोळ्यांची आग आग, गालांवरून पाणी. तरी पहिली नावं खणखणीत पुकारली.

मग कान्होजीराव नजराणा हातात घेऊन उभे, आणि मी पुढच्या सगळ्या नावांची मनात उजळणी करत होतो. खोल विचारात माणूस काही क्षण गप्प होतो. डोळे उघडे होते माझे! सगळ्या दरबारानं पाहिलंय. तेवढ्यात कसला तरी आवाज झाला. बाहेर हत्ती होते, त्यांचा असणार.

बळवंत म्हणतो, हत्ती असं घोरत नाहीत. पुढची नावं त्यानं पुकारली.

१९ ऑक्टोबर
साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. दार लावून घेतलं आणि म्हणाले,
"गोविंदराव, तुम्ही झोपता हे मला ठाऊक नव्हतं होय? वरून विचारणा झाली की मी सांगायचो, बिचाऱ्याच्या पापण्यांचा आजार आहे. इतकी वर्षं त्यावरच निभावलं. आता तो आजार तुम्ही कापून आलात. मी काय सांगू?"

दिवाळीपासून मी घरी. हेड क्लार्क बळवंत.

वनमालेला सांगितलं. वाटलं होतं, बोल लावेल. ती नुसती शेजारी येऊन बसली. मला रडू आलं. तिला म्हटलं, डोळे चुरचुरतात अजून. ती हो म्हणाली आणि बोरिकच्या पाण्याचा कापूस घेऊन आली. शरम वाटते. आणखी काय लिहू?

२२ ऑक्टोबर
सकाळीच मुरारला गेलो. डॉक्टरांना विचारलं, काढलेली कातडी परत बसवता येते का? दोन्ही नको, एका डोळ्याला चालेल. थोडी पडली तरी पुरे, साहेबांना वर सांगता येईल.

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. दोन्ही पापण्या बोटानं दाबून बघितल्या, खूप वेळ बघितल्या. या माणसाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "असं सुरेख काम माझ्या हातून फार थोडं झालंय. निश्चिंत राहा. या पापण्या आता मरेपर्यंत पडत नाहीत."