आजारी झाडांचे देव

तेमा बंदर

आणि हो मामा, मी कृतघ्न नाहीच! आईकडून तुमचा निरोप आला तेव्हापासून गोण्या उचलताना तेवढंच तोंडात आहे. नमस्कार आधी घालायला हवा होता, आता घालतो. गुडघा कसा आहे? मामींच्या कोंबड्या? मी ठणठणीत. पाठ सोडून.

आता भांडण. रोगट कोको तोडून फुकटात नवी रोपं लावून देणारी सरकारी टोळी दारात येणार कळल्यावर तुम्ही काय केलंत? एकेका आजारी झाडाला पांढरं कापड गुंडाळलंत आणि ही देवाची झाडं म्हणून ठोकून दिलंत! (चर्चमधले वडीलधारे तुम्ही! पाद्रीबाबांनी पुढच्या बाकावरून उठवलं ते बरंच झालं.) टोळीतली पोरं कोयते टाकून पळाली. आता गावच्या बायका मूल होऊ दे म्हणून झाडांपुढे अंडी ठेवतात आणि तुमची कुत्री ती मटकावतात. ज्याला स्वतःला शेंग धरेना, तो बाईला काय मूल देणार? फांद्या सुजल्यात, तर तुम्ही म्हणता झाड बाळसं धरतंय. आमच्या मुकादमाचा पायही तसाच सुजलाय मामा, त्याला कुणी बाळसं म्हणत नाही. पूर्वी अंगणभर चटयांवर वाळायचा तो कोको आता एका सुपात मावतो, आणि रोग ओढा ओलांडून अदोमाबाईच्या मळ्यात पोचला. तिचे शिव्याशाप कोण खाणार?

वर धमकी, की झाडांना हात लागला तर मळा भाच्याला नाही, पोटच्या बेदियाकोला देईन. (आपल्यात मामाचं भाच्याला जातं, म्हणून गाव म्हणतंय क्वाजोचा मळ्यावर डोळा आहे.) द्या! पंच बोलवा, पूर्वजांना साक्षी ठेवून जमिनीवर दारू ओता, त्याला देऊन टाका. पण कापडं सोडा. नाही सोडलीत तर मी येतो आणि भरदिवसा, पाद्रीबाबांच्या देखत, पहिला कोयता मीच घालतो. देव कोपला तर त्याला माझा पत्ता द्या. बंदरावर मला सगळे ओळखतात.

तुमचाच (कुणी काही म्हणो) भाचा
क्वाजो

ता.क. मामी म्हणाल्या, नवी झाडं धरेपर्यंत खायचं काय, या धास्तीनं तुमचा डोळा लागत नाही. मग देवाला कशाला मध्ये घातलंत? मला सांगायचं! रोपांना सावली म्हणून केळी लावतात, तिचे घड वर्षा-दीडवर्षात येतात.

ता.क. आणखी एक. बेदियाको न्हावी माणूस, कोयता उलटा धरतो. मळा त्याचाच, पण तण काढायला गडी ठेवा. रोपं मरता कामा नयेत. गड्याची मजुरी दर महिन्याला मी भरीन. या महिन्याचे पाठवले: चारशे सेडी.